आजारी न पडलेला उंदीर

प्रयोगशाळेतला उंदीर दोन वर्षांचा झाला की तो म्हातारा समजला जातो. २००३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमधून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातले उंदीर दोन वर्षांचे होईपर्यंत जपलेले होते आणि त्यांच्यात जन्मापासूनच ‘पार्किन’ नावाचं एक जनुक निकामी केलेलं होतं. माणसात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर चाळिशीच्या आत, कधी विशीतही, कंपवात सुरू होतो. उंदरांना तो झाला नाही. मेंदूतल्या ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या मोजल्या, तर त्या सगळ्या जागेवर होत्या.

त्या उंदरांचं काय करायचं, यावरचा हा संवाद आहे. तो मी रचलेला आहे. मामा आणि भाची ही कुठल्या एका घरातली माणसं नाहीत. त्यांच्या बोलण्यात आलेले प्रयोग, वर्षं आणि आकडे मात्र खरे आहेत.

मामा मिरजेचे, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या धाकट्या भावाचा पाय एकतिसाव्या वर्षी चालताना आत वळायला लागला, मग हात थरथरायला लागले. आता तो चोपन्न वर्षांचा आहे. भाची पुण्यात संशोधन करते, तिचा निम्मा दिवस ॲनिमल हाऊसमध्ये जातो. दिवाळीला आजोळी आली आहे. दुपारची वेळ, धाकटा मामा आतल्या खोलीत झोपलेला, आणि हे दोघं सोप्यात बसलेले.

मामा : तू मागे म्हणाली होतीस, धाकट्याचं जे जनुक बिघडलंय तेच काढून टाकलेले उंदीर असतात. मला एवढंच सांग, त्या उंदरांचे पाय ओढतात का? थरथर होते का?

भाची : नाही, मामा.

मामा : अजिबात नाही?

भाची : अरुंद दांडीवरून चालवलं तर जरा जास्त घसरतात. बाकी खातात, पितात, पिल्लं घालतात, म्हातारे होतात.

मामा : मग वीस-बावीस वर्षं तुम्ही लोक करताय काय? ज्याला रोगच होत नाही अशा निकामी उंदरावर रोगाचा अभ्यास?

भाची : उत्तर देते, पण सुरुवात आजी-आजोबांच्या लग्नापासून करावी लागेल.

मामा : त्यांचं काय? वडिलांनी मामाची मुलगी केली. आपल्याकडे तेव्हा तीच रीत होती. मामाच्या मुलीवर हक्कच असायचा.

भाची : तेच. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. पार्किनची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी सांभाळून घेते, सहसा काही कळतही नाही. आजीच्या आणि आजोबांच्या समाईक पूर्वजाकडे बिघडलेली एक प्रत असणार. ती दोन वाटांनी खाली आली आणि दोघांत एकेक पोचली. दोघंही धडधाकट. पण त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक.

मामा : आम्ही चौघं भावंडं. एक धाकटा. हिशोब बरोबर जुळला की.

भाची : योगायोगाने जुळला. प्रत्येक मुलाच्या वेळी फासा नव्याने पडतो, आधीच्या मुलांचं तो लक्षात ठेवत नाही. हे तुम्हीच मला नववीत शिकवलंत.

मामा : होय. वाटाण्याची झाडं काढून शिकवलं होतं. आपल्याच घरात असं झालं असेल, हे तेव्हा कुठं माहीत होतं.

भाची : तुम्हाला रोग नाही, म्हणजे तुमच्यात एक बिघडलेली प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. आईचीही तेवढीच. माझी तीनात एक.

इथे मामा थोडा वेळ गप्प झाले. आते-मामे भावंडांतली लग्नं दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. तशा प्रत्येक घरात असा रोग निघतो असं नाही, आणि नात्यात लग्न न झालेल्या घरांतही पार्किन बिघडलेलं सापडतं. मात्र जनुकाची एक दुबळी प्रत गुपचूप फिरत असेल तर नात्यातल्या लग्नाने तिच्या दोन नकला एकत्र येण्याची शक्यता वाढते. उंदरांच्या पिंजऱ्यात शास्त्रज्ञ जे मुद्दाम घडवतात ते मिरजेच्या या घरात नकळत घडलं होतं.

मामा : हे जनुक सापडलं कुठं?

भाची : जपानमध्ये. तिथे १९७३ सालीच डॉक्टरांनी अशी कुटुंबं नोंदवून ठेवली होती. कोवळ्या वयात कंपवात, आणि झोपून उठलं की काही वेळ रुग्ण बरा.

मामा : अगं, धाकट्याचं अगदी तसंच आहे! दुपारी झोपून उठला की तासभर स्वतःच्या हाताने चहा पितो.

भाची : म्हणून तर मी डॉक्टरांना चाचणी करायला सांगितलं होतं. टोकियोतल्या दोन विद्यापीठांनी, केओ आणि जुंतेंडो, मिळून १९९८ मध्ये जनुक शोधलं. तोरू किटाडा हे त्या निबंधाचे पहिले लेखक. आपल्या सगळ्यात लांबलचक जनुकांपैकी हे एक. तेरा लाखांहून अधिक अक्षरं, आणि त्यातून बनणारं प्रथिन जेमतेम ४६५ दुव्यांचं. एवढ्या लांब मजकुरातून मधलं पान गळण्याचा धोका मोठा. बऱ्याच रुग्णांत तसाच तुकडा गळालेला असतो.

मामा : आणि हे प्रथिन करतं काय?

भाची : ते विकर आहे. दुसऱ्या प्रथिनांवर खूण लावायचं काम करतं. धोबी कसा कपड्याच्या कोपऱ्यात काळ्या शाईची खूण घालतो, तशी. शाई म्हणजे युबिक्विटिन, ७६ दुव्यांचं एक चिमुकलं प्रथिन. खुणेवरून ठरतं की कपडा कुठल्या गाठोड्यात जायचा. एका प्रकारची खूण असली तर ते प्रथिन पेशीच्या चक्कीत जातं, तुकडे होतात. या व्यवस्थेच्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पार्किन हे खूण लावणारं विकर आहे हे जपान्यांनीच २००० मध्ये दाखवलं.

मामा : म्हणजे खूण लावणारा माणूसच नाहीसा झाला, तर टाकाऊ कपड्यांचा ढीग साठणार आणि पेशी गुदमरणार. सरळ आहे.

भाची : सगळ्यांना असंच वाटलं होतं. काचेच्या बशीत पेशी वाढवून, त्यांत पार्किन भरपूर घालून, ते कुणाकुणावर खूण लावतं याची यादी तयार झाली. दरवर्षी यादीत नवं नाव. मग उंदीर आले.

मामा : आले म्हणजे? केले. कसे करतात तेही सांग. मला ते नीट कळलेलं नाही.

भाची : उंदराच्या अगदी सुरुवातीच्या गर्भातल्या मूलपेशी बशीत वाढवतात. पार्किनचा मधला एक तुकडा नसलेली डीएनएची नक्कल त्या पेशींत सोडतात. लाखो पेशींतल्या काहींमध्ये ती मूळच्या जागी जाऊन बसते. तेवढ्या पेशी निवडून दुसऱ्या रंगाच्या उंदराच्या गर्भात टोचतात. पिल्लू दुरंगी जन्मतं. त्याचं बीज नव्या पेशींपासून बनलेलं असेल तर पुढच्या पिढीत एक प्रत बिघडलेली पिल्लं मिळतात. त्या भावंडांची जोडी लावायची. चारात एक पिल्लू पार्किनशिवाय. जगातला असा पहिला उंदीर १९८९ चा. कॅपेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना त्यासाठी २००७ मध्ये नोबेल मिळालं.

मामा : आणि एवढा खटाटोप करून उंदीर ठणठणीत.

भाची : ठणठणीत. बॉस्टनमध्ये जिए शेन यांच्या प्रयोगशाळेने दोन वर्षं वाट पाहिली. या रोगात मरतात त्या, डोपामाइन बनवणाऱ्या पेशी शाबूत. डोपामाइन सोडण्या-शोषण्यात थोडा फरक, तो बारकाईने मोजल्यावर कळणारा. दोन वर्षांनी सिअॅटलच्या पेरेझ आणि पाल्मिटर यांनी स्वतंत्रपणे तसेच उंदीर तपासले आणि निबंधाच्या शीर्षकातच लिहून टाकलं की पार्किन नसलेला उंदीर हा कंपवाताचा भक्कम नमुना नाही. त्याच रोगाची आणखी दोन जनुकं सापडली होती, पिंक-वन आणि डीजे-वन. २००९ मध्ये तीनही एकाच उंदरातून काढली. तरी दोन वर्षांत पेशी मेल्या नाहीत. त्या निबंधाचे पहिले लेखक कोण असतील?

मामा : कोण?

भाची : किटाडा. टोकियोत ज्यांनी जनुक शोधलं तेच. बॉस्टनला जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने तपासलं की आपलं जनुक काढल्यावर उंदराला काही होत नाही. आणि ते छापलं.

मामा : माणूस प्रामाणिक म्हणायचा. पण त्यातून माझ्या भावाला काय मिळालं? तेवीस वर्षं तो सिंडोपाच्या गोळ्यांवर आहे. गोळी लागू पडते, नाही म्हणत नाही. पण आता गोळीचा अंमल चढला की अंग नको तेव्हा वळवळतं आणि उतरला की लाकूड होतं. मूळ औषध मी नोकरीला लागलो त्याच्या आधीचं, साठीच्या दशकातलं. एवढे उंदीर मारून तुम्ही त्याच्या पुढे एक पाऊल टाकलंत का? रोगाचा वेग कमी करणारी एक गोळी?

भाची : नाही. अशी गोळी आज नाही.

मामा : मग मी म्हणतो ते चुकीचं आहे का? वाट चुकली आहे हे कबूल करा आणि दुसरी धरा.

भाची : मामा, आजारी पडणारे उंदीरही होते. त्यांचं ऐका. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक दगडासारखे गोठले. त्यांनी घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाचं विष होतं. ते मेंदूत जाऊन नेमक्या डोपामाइनच्या पेशी मारतं. उंदरांना टोचलं तर त्यांच्याही मरतात. शास्त्रज्ञांना वाटलं, हा खरा नमुना. आठवड्याभरात आजारी उंदीर तयार. मग त्यांच्यावर औषधं तपासली. सीईपी-१३४७ नावाच्या एका औषधाने विषापासून उंदरांच्या पेशी वाचवल्या. ते ८०० हून अधिक रुग्णांना दिलं. चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण फायदा दिसेना. २००७ मध्ये तो निकाल छापून आला.

मामा : हे तर तू माझ्याच बाजूने बोलतेस.

भाची : थांबा. हा उंदीर हुबेहूब आजारी दिसत होता, म्हणून त्याच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. पण त्याचा आजार एका फटक्यात आलेला होता आणि रुग्णाचा वीस-तीस वर्षांत मुरलेला. औषधाने विषाचा फटका अडवला, रोग अडवला नाही. आजारी दिसणाऱ्या उंदराने आपल्याला फसवलं. आणि ज्याला तुम्ही निकामी म्हणता तो पार्किनवाला उंदीर खोटं बोलला नाही. बशीतल्या प्रयोगांनी सांगितलं होतं की पार्किन गेलं की अमुक प्रथिनं साठतील. बॉस्टनच्या उंदरांत यादीतली तीन प्रथिनं मोजली. एकही साठलेलं नव्हतं. तुम्ही आत्ता ज्याला सरळ आहे म्हणालात, ते सरळ नाही हे त्या उंदराने सांगितलं. तो नसता तर त्या यादीतल्या एकेका नावावर औषध शोधण्यात आणखी दहा वर्षं गेली असती.

मी या ठिकाणी भाचीच्या बाजूने आहे. ‘नमुना’ हा शब्द आपण कपड्याच्या तुकड्यासारखा वापरतो. दुकानातल्या तुकड्यावरून आख्ख्या ठाणाचा रंग कळावा तसा उंदरावरून रुग्ण कळावा, अशी अपेक्षा धरतो. पण जनुक काढलेला उंदीर मुळात एका प्रश्नाचं उत्तर असतो. हे एक विकर नाही, बाकी सगळं आहे, आता काय होतं? उत्तर ‘फारसं काही होत नाही’ असं आलं, तर तेही तितकंच ठाम उत्तर असतं. ते पचवायला अवघड जातं, एवढंच.

मामा : बरं, मानलं. मग उंदराला का होत नाही ते तरी कळलं का?

भाची : एक कारण असं की जन्मापासून पार्किन नसल्याने त्याचं शरीर दुसरी सोय करून घेतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २०११ साली उलटं करून पाहिलं. उंदीर मोठा होऊ दिला आणि मग मेंदूच्या तेवढ्याच भागातून पार्किन काढलं. तेव्हा महिन्यांच्या अवधीत पेशी हळूहळू मेल्या. सोय करायला वेळच मिळाला नव्हता.

मामा : धाकट्याचंही जन्मापासूनच नाही की. त्याच्या शरीराने का नाही सोय केली?

भाची : तिथे दुसरं कारण येतं. आपली ती पेशी फार मोठा संसार सांभाळते. माणसाच्या अशा एका पेशीचा तंतू आणि त्याच्या फांद्या सरळ मांडल्या तर लांबी चार मीटरच्या वर जाते, आणि तिचे सांधे दहा लाखांहून जास्त भरतात, असा अंदाज आहे. उंदीर-घुशींच्या पेशीचा पसारा याच्या मानाने अगदी लहान. एवढ्या फांद्यांना वीज पुरवायची तर मायटोकॉन्ड्रिया रात्रंदिवस राबतात, झिजतात, खराब होतात. त्यातले खराब कोणते ते ओळखून त्यांच्यावर खूण लावणं हेच पार्किनचं मोठं काम असावं, असं २००८ मध्ये रिचर्ड यूल यांच्या गटाने दाखवलं. पिंक-वन हाक मारतं, पार्किन धावतं, खूण लागते, पेशी तो खराब मायटोकॉन्ड्रिया गिळून टाकते.

मामा : हे उंदरांत दिसलं?

भाची : नाही. बशीतल्या पेशींत.

मामा : बघ! फळमाशी, बशीतल्या पेशी, सगळीकडून काही ना काही मिळालं. उंदराकडूनच नाही.

भाची : फळमाशीचं तुम्हाला कसं माहीत?

मामा : वाचलं मी. पार्किन काढलेल्या माशीचे पंखांचे स्नायू कुजतात, नर वांझ होतात. २००३ चंच संशोधन आहे. आणि शिकागोचं २०१७ चंही वाचलं. रुग्णांच्या कातडीच्या पेशींपासून बशीत मेंदूच्या पेशी तयार केल्या, डीजे-वन बिघडलेल्या. त्यात डोपामाइन सडून विषारी होताना दिसलं. उंदराच्या तशाच पेशींत दिसलं नाही, कारण उंदीर डोपामाइन वेगळ्या रीतीने हाताळतो. तुमच्याच लोकांनी लिहिलंय. मग धाकट्याच्या कातडीचा तुकडा घ्या. तो नाही म्हणणार नाही. उंदराला कशाला मधे आणता?

भाची : घ्यावाच तुकडा. मी त्याच्या विरुद्ध नाही, उलट ते आधी व्हायला हवं. पण बशीतली पेशी धावत नाही, तिला ताप येत नाही, ती म्हातारी होत नाही. यूल यांच्या त्या प्रयोगात मायटोकॉन्ड्रिया बंद पाडायला जबर रसायन घातलं होतं आणि पार्किनही वरून भरपूर दिलं होतं. जिवंत प्राण्यात रोज असंच घडतं का? डंडी विद्यापीठाने त्यासाठी खास उंदीर केले. त्यांच्या पेशींत गिळलेला मायटोकॉन्ड्रिया लाल दिसतो. २०१८ मध्ये कळलं की पिंक-वन नसलं तरी रोजची झाडलोट चालूच राहते, डोपामाइनच्या पेशींतसुद्धा. म्हणजे ही जोडी रोजच्या केरासाठी नाही. संकटासाठी आहे.

मामा : कसलं संकट?

भाची : यूल यांच्याच प्रयोगशाळेने ते उंदरातच शोधलं. एका जातीच्या उंदरांत मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए नकलताना झालेली चूक सुधारतच नाही, चुका साठत जातात. नुसत्या त्या उंदरांच्या डोपामाइन-पेशी मरत नाहीत. नुसत्या पार्किन नसलेल्यांच्याही मरत नाहीत. दोघांचा संकर केला, २०१५ मध्ये. पेशी मेल्या, चाल बिघडली, आणि मामा, धाकट्या मामाला देतात तेच लेव्होडोपा दिल्यावर चाल सुधारली.

मामा : (थोडं थांबून) म्हणजे जनुक बिघडणं पुरेसं नाही. वरून भार पडायला हवा.

भाची : आणि भार पडल्यावर काय होतं तेही. २०१८ मध्ये पार्किन नसलेल्या उंदरांना पट्ट्यावर पूर्ण दमेपर्यंत पळवलं. साध्या उंदरांना काही झालं नाही. यांच्या रक्तात मात्र जंतुसंसर्ग झाल्यासारखा दाह उसळला. फुटलेल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बाहेर सांडतो आणि पेशीचा पहारेकरी, स्टिंग नावाचं प्रथिन, तो शत्रूचा समजून आग लावतो, असा अर्थ निघाला. स्टिंग काढून टाकलं तर दाह थांबला. त्या संकर केलेल्या उंदरांत पेशीही वाचल्या. मग माणसांचं रक्त तपासलं. पार्किन बिघडलेल्या लोकांत दाहाच्या खुणा वाढलेल्या निघाल्या, एकच प्रत बिघडलेल्यांतसुद्धा.

मामा : पळवल्यामुळे झालं ना? मग धाकट्याचं रोजचं चालणं, योगासनं बंद करू का?

भाची : मुळीच नाही. उंदीर कोसळेपर्यंत पळवलेले होते. व्यायाम कंपवातात चांगलाच, डॉक्टर सांगतात तेवढा तो चालू राहू दे. हीच तर भीती असते बघा. एका उंदराच्या प्रयोगावरून घरातलं कुणीतरी औषध बंद करतं, नाहीतर काहीतरी सुरू करतं.

मामांनी इथे पानाचा डबा जवळ ओढला, पण पान केलं नाही. त्यांचा पुढचा प्रश्न मला या विषयातला सगळ्यात जड प्रश्न वाटतो.

मामा : तुझ्या पिंजऱ्यातले बाकीचे तीन कुठं जातात?

भाची : कुठले तीन?

मामा : चारात एक पिल्लू कामाचं, म्हणालीस. बाकी तीन?

भाची : एकदोन तुलनेसाठी ठेवतो, त्याच पोटचा पण जनुक शाबूत असलेला उंदीर लागतोच. काही पुढच्या पैदाशीला. उरलेले मारावे लागतात.

मामा : आणि दोन जनुकांचा संकर असला तर?

भाची : सोळात एक. म्हणून हुशारीने जोड्या लावून तो आकडा कमी करायचा असतो. मामा, मी लपवत नाही. आमच्या संस्थेत नीतिसमिती आहे, किती उंदीर आणि का, याचा हिशोब आधी द्यावा लागतो. १९६० च्या कायद्याखालची केंद्र सरकारची समिती वर आहे. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये लिहून ठेवलंय : प्राणी टाळता आला तर टाळा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. तरीही ज्या दिवशी पिंजरे रिकामे करावे लागतात त्या दिवशी मला दुपारचं जेवण जात नाही. सवय होईल असं सगळे म्हणाले होते. झाली नाही, आणि होऊ नये असं मला वाटतं.

मामा : मग माझी एक अट ऐक. मेलेला उंदीर कागदावर आला पाहिजे. रोग झाला, औषध लागू पडलं, तेवढेच उंदीर छापायचे आणि ज्यांना काही झालं नाही ते कपाटात ठेवायचे, असं चालत असेल, तर ते दुप्पट पाप आहे. कारण मग दुसऱ्या गावात दुसरा कुणीतरी तेच उंदीर पुन्हा मारणार.

भाची : चालतं तसं. बरंच. ‘काही झालं नाही’ हे छापायला नियतकालिकं नाखूश असतात, आणि संशोधकही नाखूश असतात.

मामा : मग तू त्या किटाडासारखी वाग.

भाची : वागेन. पण तुमच्याकडून मला एक हवंय. तुम्ही मघाशी उंदराला निकामी म्हणालात. तो शब्द मागे घ्या.

मामा : उंदराला निकामी म्हटलं ते मागे घेतो. पण नमुना हा तुमचा शब्दही तुम्ही मागे घ्या. त्या शब्दापायी धाकट्याने दहा वर्षांत तीनदा पेपरातली कात्रणं कापून उशाशी ठेवली. ‘कंपवातावर उपाय सापडला.’ शेवटच्या परिच्छेदात कुठंतरी ‘उंदरांमध्ये’. त्याला आशा दाखवायची असेल तर आधी सांगा की उंदीर म्हणजे माझा भाऊ नव्हे.

भाची : हे कबूल.

मामा : आणि आठशे माणसांवर औषध वापरण्याआधी, उंदराला रोग कसा झाला होता हे विचारायला हवं होतं.

भाची : हेही कबूल. तिथे आमचीच घाई झाली.

आतून खाट करकरली. धाकटा मामा उठला होता. तो भिंतीला हात न लावता सोप्यापर्यंत आला, खुर्चीत बसला आणि त्याने चहा मागितला. भाचीने कप त्याच्या हातात दिला, बशीशिवाय. ही झोपेनंतरची तासाभराची बरी वेळ जपानी डॉक्टरांनी १९७३ मध्ये लिहून ठेवली. झोप या मेंदूला नेमकं काय परत देते, हे पार्किन काढलेल्या एकाही उंदराने अजून सांगितलेलं नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. उंदरांवर औषध यशस्वी झाल्याची बातमी वाचाल तेव्हा तिच्यात एक गोष्ट शोधा : तो उंदीर आजारी कसा पाडला होता? विष टोचून, जनुक काढून, की आणखी कशाने? बातमीत ते नसेल तर लिहिणाऱ्याला पत्र पाठवून विचारा. आणि घरात कुणाला चाळिशीच्या आत कंपवात झाला असेल, विशेषतः आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जनुकचाचणीचा विषय काढा.